मागच्या रांगेत कोण बसणार?

२०२५ च्या दसऱ्यानंतरचा रविवार होता. सकाळचे पोहे आटोपत आले असता आमच्या चिरंजीवांनी घरात जाहीर केले की, आता आपण सात जणांची मोटार घ्यावी. त्यांच्या हाती दोन-तीन कंपन्यांची रंगीत पत्रके होती. सूनबाईंना पांढरा रंग पसंत होता, कन्येला संगीताची व्यवस्था उत्तम हवी होती आणि चार वर्षांच्या नातवाला केवळ भोंगा वाजवून पाहावयाचा होता. सौभाग्यवतींनी किंमत विचारली. आम्ही मात्र एवढेच विचारले, "मागच्या रांगेत कोण बसणार?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या घराने पूर्वी दिलेले होते आणि त्याची आठवण कोणालाच सुखाची नव्हती.

गोष्ट २०२४ च्या चैत्रातली. आमचे कुलदैवत सप्तशृंगी. इंदूरहून गडावर जावयाचे म्हणजे महू, मानपूर, खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, कळवण असा सुमारे चारशे किलोमीटरांचा पल्ला. आम्ही तीन रांगांची गाडी भाड्याने ठरविली होती. पहाटे पाचला गाडी दारात आली. ड्रायव्हरशेजारी, अर्थातच, आम्ही बसलो. मधल्या रांगेत सौभाग्यवती, सूनबाई आणि नातू. चिरंजीवांना रजा मिळाली नव्हती. राहिल्या आमची कन्या आणि आमच्या वडिलांची धाकटी बहीण, आमची आत्या. आत्याचे वय तेव्हा सत्याहत्तर. "मला काय रे, मी बसते मागे. तेवढीच झोप होईल," असे म्हणत ती कोणी काही बोलण्याच्या आत वाकून मागे शिरलीही. आम्ही कोणीही तिला अडविले नाही. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेल्या या बाईने आयुष्यभर पंगतीत शेवटी आणि टांग्यात मागे बसण्याचीच सवय करून घेतली होती, आणि तिच्याहून अधिक ती सवय आम्ही करून घेतली होती.

खलघाटला नर्मदामाईचा पूल लागला. आत्या दर प्रवासात तेथे खिडकीतून एक रुपया पात्रात टाकते. तिसऱ्या रांगेची काच पक्की बसविलेली, ती उघडत नाही. तिने पदराची सोडलेली गाठ पुन्हा बांधून टाकली. पलीकडे चहाला थांबलो. तिला उतरावयाचे तर मधले आसन दुमडावयास हवे आणि त्यावर नातू गाढ झोपलेला. "मला नको चहा, पोराला उठवू नका," ती म्हणाली. सेंधव्याला हेच. ऊन चढले, पुढे आम्हांला थंड वारा लागत होता. मागे काय लागते हे आम्ही विचारले नाही. धुळ्याला जेवणासाठी थांबलो तेव्हा तिला उठताच येईना. दोघांनी हात देऊन तिला बाहेर काढले. पाय घोट्यापासून सुजले होते. नंतर कळले की, आपल्यासाठी गाडी थांबवावी लागू नये म्हणून सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आणि वर आम्हांलाच म्हणाली, "बाळ, माझ्यामुळं उशीर झाला रे तुम्हांला."

शाळेत मागच्या बाकावरील मुलाकडे लक्ष द्यावे, असे आम्ही गेली तीस वर्षे तरुण शिक्षकांना सांगत आलो आहोत. असो. त्या दिवसापासून मोटारीची तिसरी रांग हा आमच्या दृष्टीने अभ्यासाचा विषय झाला. आपल्या वाचक कुटुंबांपैकी अनेक जण आज असे वाहन घेण्याच्या विचारात असतील. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आम्ही जे शिकलो ते येथे मांडीत आहोत.

टांग्यापासून आजवर

आपल्या माळव्यातील मराठी घरांचा गोतावळा मोठा, आणि लग्न-मुंज, कुलाचार यांसाठी महाराष्ट्राच्या वाऱ्या ठरलेल्या. एकाच वाहनातून सर्वांनी जावे ही हौस जुनीच आहे. आमच्या बालपणी अॅम्बॅसडरमध्ये दोनच रांगा असत, पण त्यांत नऊ माणसे मावत. पुढे जीप, मॅटाडोर आणि आपल्या पीथमपूरच्या कारखान्यात बनणारी ट्रॅक्स आली. १९९४ साली टाटांची सुमो निघाली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नामकरण झाले, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक असेल. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

या जुन्या गाड्यांत मागे बहुधा समोरासमोर दोन आडवे बाक असत. मागच्या दाराने चढावयाचे आणि गुडघ्याला गुडघा लावून बसावयाचे. गप्पा उत्तम होत, हे मान्य केले पाहिजे. पण आडवे बसलेल्या माणसाला ब्रेक लागला की धरावयास काही नसे, पट्टा नसे, मानेला टेकू नसे. घाटात पोटात ढवळून येई ते निराळेच. आजही काही गाड्यांत असे बाक मिळतात. शेतावर जाण्यास ते ठीक, लांबच्या प्रवासात आपली माणसे त्यांवर बसवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००० साली टोयोटाची क्वालिस आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली. तिन्ही रांगा पुढे तोंड करून आणि बसणाराला मोटारीत बसल्याचे सुख, हे इनोव्हाने आपल्याकडे रुजविले. तथापि तिची किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होती. २०१२ मध्ये मारुतीची अर्टिगा आली आणि तीन रांगांची गाडी शिक्षक, कारकून, दुकानदार यांच्या दारात उभी राहू लागली. २०१९ मध्ये रेनोची ट्रायबर, २०२२ मध्ये कियाची कॅरेन्स, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इनोव्हाचे हायक्रॉस हे नवे रूप, अशी ही परंपरा वाढत गेली आहे.

आधी वही, मग दुकान

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आम्ही एक जुनी वही घेतली आणि मागील वर्षभरातील प्रवास घरातल्या सर्वांना विचारून लिहून काढले. सातही जण एकत्र गेलो असे दिवस भरले बारा. पाच-सहा जण असे दिवस सुमारे तीस. उरलेल्या दिवसांत गाडीत तीनहून अधिक माणसे क्वचितच होती.

हा हिशोब प्रत्येक घराने प्रामाणिकपणे करावा. वर्षात दोन-तीनदाच सर्वांनी जावयाचे असेल तर पाच जणांची लहान गाडी ठेवून त्या वेळी मोठी भाड्याने घेणे हेच शहाणपणाचे ठरेल. मोठ्या वाहनाचा विमा, टायर, इंधन आणि गल्लीतील जागा यांचा भार वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस वाहावा लागतो. चिरंजीवांनीही हाच मुद्दा काढला, "बाबा, बारा दिवसांकरिता एवढी मोठी गाडी?"

त्यावर सौभाग्यवतींनी जे उत्तर दिले ते आम्हांला सुचले नसते. त्या म्हणाल्या, "भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरला थांब म्हणायला आत्यांना संकोच वाटतो. घरच्या गाडीत वाटणार नाही." हा खर्च वहीत मांडता येत नाही. आम्ही गाडी घ्यावयाचे ठरविले.

घड्याळ लावून पंधरा मिनिटे

दुकानात गेलो की विक्रेता प्रथम चालकाच्या आसनाचे दार उघडतो. आम्ही नम्रपणे नकार देऊन आधी मागे जाऊन बसलो. आत्यालाही बरोबर नेले होते, आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे बसावयाचे असे ठरविले होते. दोन मिनिटे कोणत्याही आसनावर सुखाची जातात. खरी परीक्षा दहाव्या मिनिटानंतर होते.

येथे एक सावधगिरी सांगतो. दुकानातील गाडीत मधली रांग बहुधा पुढे सरकवून ठेवलेली असते. त्यामुळे मागे ऐसपैस जागा दिसते. तेव्हा क्रम असा ठेवावा : प्रथम चालवणाऱ्याने आपले आसन आपल्या सोयीने लावावे, त्यामागे मधल्या रांगेतील व्यक्तीने आपले लावावे, आणि मग जे उरेल ते तिसऱ्या रांगेचे. आम्ही असे केले तेव्हा एका गाडीत आमचे गुडघे हनुवटीच्या दिशेने निघाले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा लगत असते. तेथे जमीन उंच आणि छत उतरते, म्हणून आसन ठेंगणे करावे लागते. बसणाराच्या मांड्यांना आधार मिळत नाही, सगळा भार पाठीच्या तळावर येतो, आणि प्रत्येक खड्डा थेट तेथे पोचतो. लहान मुलाला याचे काही वाटत नाही. साठीच्या माणसाला दोन तासांत वाटते आणि आत्यासारख्यांना वाटूनही त्या सांगत नाहीत. म्हणून पाहावयाचे ते हे : पाय मधल्या आसनाखाली सरकतात काय, पाठ थोडी मागे कलते काय, डोके छताला लागते काय.

दुसरी परीक्षा चढण्या-उतरण्याची. मधले आसन दुमडून किंवा सरकवून मागे जावे लागते. काही गाड्यांत ते एका खटक्याने होते, कॅरेन्ससारख्या गाडीत बटण दाबून होते. इनोव्हाच्या काही प्रकारांत मधली दोन आसने सुटी असल्याने त्यांच्यामधून वाट मिळते. मात्र तेथे एक माणूस कमी बसतो. हा खटका केवळ बाहेरून चालतो की आत बसलेल्यालाही चालविता येतो, हे पाहून घ्यावे. स्वतःच्या हाताने बाहेर पडता न येणे ही गैरसोय तर आहेच, संकटात तो धोकाही आहे. घरात लहान मूल असेल तर त्याचे आसन मधल्या रांगेत उजवीकडे बांधावे, म्हणजे रस्त्याच्या कडेची डावी बाजू उतरण्यास मोकळी राहते.

तिसरी परीक्षा हवेची. मागच्या काचा उघडत नाहीत, म्हणून तेथे थंड हवेची वेगळी झरोकी आहे की मधल्या रांगेवरून उरलेली हवाच मागे जाते, हे विचारावे. शक्यतो दुपारी बाराच्या उन्हात गाडी फिरवून आणावी आणि त्या वेळी स्वतः मागे बसावे. संध्याकाळच्या फेरफटक्यात सर्वच गाड्या थंड असतात.

पट्टा, टेकू आणि तारे

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मोटार भारी किमतीची होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते आणि ते दोघेही दगावले. मागच्या आसनावर पट्टा कशाला, ही आपल्याकडची समजूत त्या दिवशी खोटी ठरली. वास्तविक पुढे तोंड करून असलेल्या मागील आसनावरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार तो न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यासही तितकाच. पण दंडासाठी पट्टा लावावयाचा नसतो, हे आपल्या वाचकांस सांगणे न लगे.

गाडी पाहताना तिसऱ्या रांगेतील प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे काय, आणि तो खरोखर लावून पाहता येतो काय, हे तपासावे. डोक्यामागील टेकू वर ओढून आपल्या डोक्याच्या उंचीला आणता येतो काय, तेही पाहावे. मग डोके टेकवून हात मागे न्यावा. मागची काच किती बोटांवर आहे, हे हातालाच कळेल. लहान गाड्यांत हे अंतर फार थोडे असते. म्हणून महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रककडे चालकाने जितके लक्ष द्यावे तितके थोडे.

सुरक्षिततेचे तारे हल्ली सर्वांच्या तोंडी असतात. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एन्कॅप ही चाचणी सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण त्या ताऱ्यांचा अर्थ नीट जाणून घ्यावा. या चाचणीत समोरून आणि बाजूने धडक देऊन पाहतात. मोठ्या माणसांचे पुतळे पुढे असतात, मुलांचे मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत पुतळा नसतो आणि मागून धडक दिली जात नाही. तात्पर्य, तारे अवश्य पाहावेत, अधिक ताऱ्यांची गाडी अवश्य श्रेष्ठ मानावी, पण ते तारे शेवटच्या आसनाची हमी देतात असे समजू नये. ती काळजी चालकाने आपल्या वेगाने घ्यावयाची असते.

माणसे सात, बोचकी किती?

सात माणसे बसली की सामान कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न पत्रकात सहसा नसतो. २०१२ च्या अर्टिगात तिसऱ्या रांगेमागे १३५ लिटर जागा होती. २०१८ च्या नव्या अर्टिगात ती २०९ लिटर झाली. आपल्या न्हाणीघरात पाणी साठविण्याचा मोठा ड्रम असतो, साधारण तेवढी ही जागा. ट्रायबरमध्ये तीच ८४ लिटर, म्हणजे चार-पाच हंड्यांएवढी. मात्र ट्रायबरची मागची आसने पूर्णपणे काढून घरी ठेवता येतात आणि मग तीच जागा ६२५ लिटर होते. एरवी चार जण आणि क्वचित सात, अशा घराला ही युक्ती सोयीची आहे.

सी.एन.जी.वर चालणारी गाडी इंधनात स्वस्त पडते, पण अर्टिगासारख्या गाडीत तिची टाकी याच जागेत बसविलेली असते. सात माणसे आणि त्यांचे सामान घेऊन जावयाचे तर मग छतावर बांधणे आले. छतावर ओझे चढले की गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ती अधिक झुकते. मानपूरपुढच्या घाटात किंवा बिजासनच्या उतारावर ही जोखीम घेऊ नये. आम्ही या एका कारणासाठी पेट्रोलची गाडी पसंत केली. ज्यांचा रोजचा फेरा मोठा आणि सातांचा प्रवास विरळा, त्यांचा निर्णय उलट होईल आणि तोही बरोबरच असेल.

वजनाचाही विचार हवा. सरासरी पासष्ट किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो, आणि प्रत्येकी दहा किलो सामान धरले तर सव्वापाचशे. गाडीच्या कागदपत्रांत रिकामे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन, असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी करावी. उत्तर आपल्या बेरजेहून कमी आले, तर ती गाडी आपली नव्हे. लहान इंजिनाची गाडी शहरात गुणी वाटते, पण सातांना घेऊन घाट चढताना तिचा श्वास फुलतो. ट्रायबरचे इंजिन एक लिटरचे, अर्टिगाचे दीड लिटरचे, हा फरक सपाटीवर जाणवत नाही, चढावर जाणवतो. भरलेल्या गाडीच्या टायरांत हवाही अधिक लागते. किती, ते चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेले असते. तसेच पुष्कळ गाड्यांत जादा चाक पोटाखाली टांगलेले असते. ते कसे काढावयाचे हे घरातील दोघांनी तरी दारातच शिकून ठेवावे.

चार मीटरांची रेषा

किमतीत एक गंमत आहे. गाडीची लांबी चार मीटरांच्या आत आणि इंजिन लहान असेल तर कर कमी, हा नियम २००६ पासून या ना त्या रूपात चालत आला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत अशा लहान गाड्यांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर ४० टक्के कर आहे. म्हणून चार मीटरांत सात आसने बसविण्याची कसरत कारखानदार करतात. स्वस्ताईचे कारण असे लांबीत दडलेले असते आणि ती लांबी तिसऱ्या रांगेतून कापलेली असते, हे लक्षात ठेवावे.

उलट लांबी आपल्या गल्लीलाही मानवली पाहिजे. आम्ही राहतो त्या रामबागेच्या जुन्या वस्तीत वाडे गेले तरी वळणे वाड्यांच्या काळातलीच आहेत. आम्ही सुतळी घेऊन फाटकाच्या आतील जागा मोजली. अर्टिगा सुमारे ४.४० मीटर लांब, कॅरेन्स ४.५४, हायक्रॉस पावणेपाचहून किंचित अधिक. आमच्या सुतळीने हायक्रॉसला तेथेच निरोप दिला. खिशाने तो आधीच दिलेला होता.

निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या मुख्याध्यापकाने कर्ज किती काढावे, याचेही एक गणित असते. शेवटचा हप्ता निवृत्तीपूर्वी फिटला पाहिजे, ही सौभाग्यवतींची अट आम्ही मान्य केली. दुकानातील किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत नोंदणीचा कर, विमा व किरकोळ बाबी मिळून बराच फरक पडतो, म्हणून कर्जाचा आकडा नेहमी दुसऱ्या किमतीवरून ठरवावा.

अखेर आत्यानेच निकाल दिला. तीन गाड्यांच्या मागच्या रांगांत पंधरा-पंधरा मिनिटे बसून झाल्यावर ती म्हणाली, "मागची जागा यातली कुठलीच माझ्यासाठी नाही रे. पण या पांढरीत मधे बसले की पाय जमिनीला टेकतात." ती अर्टिगा होती. तिच्या तिसऱ्या रांगेत आम्हांलाही बरे बसता येत होते. आम्ही तीच घेतली.

घरचा नियम

गाडी घरी आल्यावर आम्ही नियम केला की, मागच्या रांगेत घरातील सर्वांत धडधाकट माणसांनी बसावे, आणि गाडी थांबली की प्रथम मागची वाट मोकळी करावी, मग चहाचे पाहावे. दर दोन तासांनी थांबणे ठरलेले. कोणी मागो वा न मागो. पाणी सर्वांनी प्यावयाचे.

मार्गशीर्षात पुन्हा गडावर गेलो. चिरंजीव चालवीत होते, शेजारी सौभाग्यवती. मधल्या रांगेत डावीकडे आत्या, मधे सूनबाई, उजवीकडे आपल्या आसनात बांधलेला नातू. तिसऱ्या रांगेत कन्या आणि आम्ही. वाचकहो, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आम्ही प्रथमच तेथे बसून लांबचा प्रवास केला. पुढे काय बोलणे चालले आहे ते अर्धेच ऐकू येते. लोक हसतात, पण कशाला ते कळत नाही. रस्ता दिसत नाही, माणसांच्या माना दिसतात. "थांबा" म्हणावयाचे तर मोठ्याने ओरडावे लागते, आणि ओरडावे की नाही याचा विचार करण्यात चार-पाच किलोमीटर निघून जातात. मानपूरच्या आतच आम्हांस तहान लागली होती. आम्ही ती सांगितली नाही.

आत्याने मान वळवून बाटली मागे धरली. "घे बाळ. आणि थांबायचं असलं तर मला सांग, मी सांगते त्याला."

गडावर पायऱ्या सुमारे पाचशे. २०१८ पासून तेथे डोंगरावर नेणारी रेल्वेसारखी ट्रॉली सुरू झालेली असल्याने आत्याचे दर्शन सुखाने झाले. पण त्याआधीची गोष्ट राहिली. खलघाटचा पूल आला तेव्हा चिरंजीवांनी न सांगता वेग कमी केला. आत्याने काच खाली केली, पदराची गाठ सोडली आणि हात बाहेर काढून रुपया टाकला. तो पात्रात पडला की कठड्यावर, हे आम्हांला मागून दिसले नाही. तिने हात जोडले होते, एवढे दिसले.